माझ्या हाताची चिमूट

२६ कार्तिक, बंगाली सन १३९०

आज आमच्या अंगणातून एका बाईला हाकलून दिलं. ही वही मालक मृधासाहेबांनी दिली ती चरावर, म्हणजे नदीतल्या गाळाच्या जमिनीवर, कोण कुठे पहाऱ्याला उभा आहे ते लिहायला. पण भात कापणीला यायला अजून आठवडा आहे, आणि आठवीपर्यंत शिकलेला लाठीवाला या मुलखात मी एकटाच. तेव्हा मी माझ्या मनातलं लिहिलं तर कुणाच्या बापाचं काय जातं?

बाईचं नाव फिरोजा आपा. पलीकडच्या तालुक्यातली, नवऱ्याने टाकलेली. छत्री घेऊन घरोघर फिरते आणि जुलाब झाले तर मीठ-गुळाचं पाणी कसं करायचं ते बायकांना शिकवते. मी गोठ्यामागे लाठीला तेल चोळत बसलो होतो. तागाच्या काटक्यांच्या कुडातून सगळं ऐकू येत होतं. अर्धा शेर पाणी, तीन बोटांची एक चिमूट मीठ, एक मूठ गूळ. शहरबानू, माझी बायको, शाळेतल्या पोरीसारखी घोकत होती. मग ती बाई म्हणाली, "आता सगळ्यात महत्त्वाचं, भाबी. पाजायच्या आधी..."

तेवढ्यात मी अंगणात गेलो.

"सगळ्यात महत्त्वाचं मी सांगतो," म्हणालो. "परक्या बाईने माझ्या घरात येऊन माझ्या बायकोला शहाणं करायचं नाही."

"दोन मिनिटं द्या, सरदार. लेकरांच्या जिवाचं आहे."

"हगवण लागलेल्याला पाणी पाजतेस? फुटक्या मडक्यात पाणी ओततं का कुणी?"

"मडकं फुटकं आहे म्हणूनच ओतत राहायचं. नाहीतर आत काही उरतच नाही."

तोंड फार आहे तिला. मी तिचा हात पिरगाळला, छत्री गुडघ्यावर मोडली आणि तळ्यात फेकली. बाई रडली नाही. हात चोळत चोळत गेली. शेजारच्या बायका बघत होत्या, त्यांनाही बरं कळलं असेल.

२९ कार्तिक

शहरबानू काल शेजारी जाऊन त्या बाईकडून उरलेलं ऐकून आली. मला आज कळलं. दोन थोबाडीत दिल्या. काय ऐकलंस ते मी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

२ अग्रहायण

उद्या चरावर जायचं. दोन वर्षांपूर्वी मेघना नदीने वर काढलेली ही गाळाची जमीन, तिच्यावर यंदा गुडघ्याच्या वर भात आहे. मृधासाहेब म्हणतात माझं, पूर्वेच्या काठावरचा दलिल खाँ म्हणतो माझं. जो कापेल त्याचं. मी लाठीवाल्यांचा सरदार, माझ्यासकट अकरा जण जाणार, त्यात सोलेमानही.

सोलेमान माझा धाकटा भाऊ. बावीस वर्षांचा. बाप गेला तेव्हा तो रांगत होता, मीच त्याला पोहायला शिकवलं, लाठी शिकवली. पौषात त्याचा निकाह आहे. माझ्या शब्दाबाहेर कधी गेला नाही. मी म्हटलं विहिरीत उडी मार, तर 'कुठल्या, मियाभाई?' एवढंच विचारेल.

आम्माने मला चुलीपाशी बसवलं आणि माझा हात आपल्या डोक्यावर ठेवला. "सोलेमानला सगळाच्या सगळा परत आणशील, शपथ घे," म्हणाली. "तुझ्या बापाला आणलं तेव्हा त्याचा हात वेगळ्या पोत्यात होता. मी दोनदा रडले, आधी पोत्यापाशी आणि मग त्याच्यापाशी. आता माझ्यात तेवढं बळ नाही."

मी शपथ घेतली. तिच्या डोक्यावर माझा पंजा ठेवला की डोकं दिसेनासंच होतं. तालुक्यात एवढा हात कुणाचा नाही.

५ अग्रहायण

खाँची माणसं आज सकाळीच आली. तीन होड्या, वीसेक जण, लाठ्या आणि मासे मारायचे भाले. आम्ही चिखलात कमरेइतके उभे राहिलो आणि होडीतून उतरतानाच त्यांना गाठलं. पहिल्याचा गुडघा मी फोडला. ओल्या बांबूसारखा आवाज झाला. दुसऱ्याने भाला फेकला तो आमच्या जब्बारच्या दंडातून आरपार गेला आणि काढताना मांस घेऊन आला, कारण त्या भाल्याला उलटे दात असतात. सोलेमान माझ्या डाव्या बाजूला होता. त्याने एकाचा जबडा मोडला आणि तो माणूस दात थुंकत पाण्यात बसला, तर सोलेमान त्याला म्हणतो, "लागलं का रे फार?"

"अरे गाढवा, त्यालाच काय विचारतोस!" मी ओरडलो. सगळे हसले, मार खाता खाता हसले.

अर्ध्या तासात त्यांना पळवलं. ओढ्याचं पाणी दुपारपर्यंत लाल होतं, आम्ही तेच प्यालो. सोलेमानला एक ओरखडासुद्धा नाही. आम्माला निरोप धाडायला हवा होता.

७ अग्रहायण

गेदूला हगवण लागली. गेदू आमचा स्वयंपाकी, काडीसारखा माणूस, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. पण संध्याकाळपर्यंत जब्बार, मग आणखी तिघे. भाताच्या पेजेसारखं पाणी जातंय. ज्याने परवा दोघांना लोळवलं तो जब्बार आज झोपडीच्या दाराशी स्वतःच्याच घाणीत पडलाय आणि उठता येत नाही म्हणून शिव्या देतोय. मी सगळ्यांचं पाणी बंद केलं. आत काही नसलं तर बाहेर काय येणार?

८ अग्रहायण

सकाळी जब्बारचे डोळे खोल गेले, बोटं धोबिणीच्या बोटांसारखी सुरकुतली. आणि सोलेमानलाही लागली.

दुपारपर्यंत त्याच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. ओरडत नाही तो, ओठ चावतो. मी पाय चोळत बसलो. अल्लाची शपथ, वीस भाले एकदम अंगावर आले तरी मला एवढी भीती वाटली नव्हती.

मग ती बाई आठवली. लाज सोडून लिहितो, आठवली. अर्धा शेर पाणी, चिमूट, मूठ. होडीत मीठ होतं, गुळाची ढेप होती. विचार केला, ही मापं बायकांनी पोराबाळांसाठी धरलेली. सोलेमान लाठीवाला आहे, त्याला एका चिमटीने काय होणार? मी माझ्या हाताने दोन घसघशीत चिमट्या टाकल्या आणि दोन मुठी गूळ. पाणी घट्ट, काळपट झालं. त्यात ताकद असणार हे बघूनच कळत होतं.

आधी जब्बारला दिलं. त्याने एक घोट घेतला आणि माझ्या पायावर थुंकला. "विष पाजतोस का, सरदार?" गेदूने तोंड फिरवलं. बाकीचे तिघे म्हणाले, आम्हाला साधं पाणी दे नाहीतर मरू दे. सगळे नाजूक! मी चिडून म्हटलं, जा, ओढ्यावर जाऊन प्या. रांगत गेले आणि प्याले.

सोलेमान एकट्याने ऐकलं. त्याने नाक धरलं, डोळे मिटले आणि अख्खं मडकं प्याला. "कसंतरीच आहे, मियाभाई," म्हणाला. "पण तू केलंस ना, मग पितो." संध्याकाळपर्यंत तीन मडकी प्याला. शाबास माझ्या भावा.

९ अग्रहायण

सोलेमानला तहान सहन होत नाही. जीभ लाकडासारखी झालीय. काहीतरीच बडबडतो, मला बापाच्या नावाने हाक मारतो. मी चौथं मडकं केलं, जरा जास्तच ताकदीचं, आणि डोकं मांडीवर घेऊन पाजलं. थोड्या वेळाने त्याच्या अंगाला झटके यायला लागले.

हे जुलाबाचं नाही, हे विष आहे. खाँच्या माणसांनी वरच्या अंगाला ओढ्यात काहीतरी टाकलंय. नाहीतर जो माझं सगळं ऐकून प्याला तोच कसा बिघडेल? ओढ्याचंच पाणी प्यालेला जब्बार आज उठून बसला, तेवढं मात्र मला कळत नाही.

काल कुणीतरी सांगितलं होतं की ती फिरोजा आपा आता खाँच्या काठावर राहते, त्यांच्याकडेही हगवण आहे. मी चौघांना घेऊन भर दुपारी होडी काढली. तिला विषावरचा उतारा माहीत असणार.

खाँच्या घाटावर ती खरंच बसली होती. समोर तीन माणसं चटईवर, ती चमच्या-चमच्याने पाजत होती. त्यातल्या एकाचा गुडघा मीच फोडला होता. दलिल खाँचा पुतण्या आडवा आला, मी त्याचा हात कोपरातून मोडला. म्हातारा दलिल खाँ पाण्यात धावत आला, लुंगी भिजली, लाठीसुद्धा हातात नव्हती.

"तोराब, तिला नेऊ नको रे! ही तिघं तिच्या हातावर जगतायत. भात घे, हवं तर सगळं भात घे!"

मी त्याच्या छातीत लाथ मारली. आपाला केसांना धरून होडीत टाकलं.

वाटेत ती एवढंच म्हणाली, "आजारी कोण आहे?"

"माझा भाऊ."

"मग केस सोडा. मी काही नदीत उडी मारत नाही."

१० अग्रहायण

सोलेमान गेला.

काल संध्याकाळी आपा आली तेव्हा जिवंत होता. तिने त्याच्या पापण्या वर करून बघितल्या, पोटाची कातडी चिमटीत धरली, मग विचारलं, "काय दिलंत?" मी अभिमानाने सांगितलं, तुझंच औषध. तिने मडक्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं. मग माझ्या हाताकडे बघितलं. बराच वेळ बघत होती. नंतर मडकं उचलून सगळं वाळूत ओतून दिलं.

"का ओतलंस?"

"शिळं झालंय," म्हणाली. तोंड पांढरं पडलं होतं तिचं.

तिने गेदूला बोलावलं, जो स्वतः भिंत धरून उभा होता, आणि त्याच्या हाताने नवीन करून घेतलं. मी पुढे झालो तर म्हणते, "तुम्ही नको, सरदार. याचा हात बरा आहे." माझ्या भावासाठी माझा हात चालत नाही! कानाखाली ठेवून दिली असती. पण सोलेमानचं डोकं तिच्या मांडीवर होतं.

गेदूच्या हातचं पाणी बाकीचे घटाघट प्याले. सोलेमानच्या तोंडातून ते रात्रभर बाहेरच येत राहिलं. आज त्याचं अंग धनुष्यासारखं ताठ झालं आणि मग सैल पडलं. सूर्य डोक्यावर होता.

दुपारी मृधासाहेब इंजिनाच्या होडीतून आले. प्रेताजवळ उभे राहिले, तोंडावर रुमाल.

"पाण्यात विष होतं, साहेब. खाँने टाकलं," मी म्हणालो.

"तोराब, नदीच्या पाण्यासाठी आजवर कुणी फासावर गेलंय का?" त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हगवणीने मेलेला माणूस म्हणजे कुणीच नाही. पण डोकं फुटलेलं प्रेत असलं तर दलिल खाँ आणि त्याचे सात भाऊबंद आत जातात. तुझा भाऊ असाच वाया घालवायचा का?"

मला कळलं ते काय म्हणतायत. या मुलखात असं होतं, मी दुसऱ्यांच्या प्रेतांवर होताना बघितलंय.

"जब्बारला सांगू?" त्यांनी विचारलं.

नाही. दुसऱ्या कुणाचा हात मी त्याला लावू दिला नसता.

मी लाठी उचलली तेव्हा आपा धावत आली. "सरदार, थांबा! खाँने काही केलेलं नाही, ऐका माझं, ते पाणी..." मृधासाहेबांच्या माणसाने तिचं तोंड दाबलं. मी म्हटलं, तिला बाहेर घेऊन जा. बायकांनी हे बघू नये.

एकच मारली. कपाळाच्या वर. रक्त आलंच नाही.

१२ अग्रहायण

जिल्ह्याच्या गावी इस्पितळात प्रेत कापून तपासलं, मग दिलं. आज दफन केलं. पुरुषांनी अंघोळ घातली, पण तोंड बघायला आम्मा आली. तिने कफन डोक्यापासून सरकवलं आणि फुटलेल्या कपाळावर हात ठेवला. माझ्याकडे बघितलंच नाही. "कुणी केलं?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, खाँने. तिने तिथेच उभं राहून दलिल खाँच्या सात पिढ्यांना शाप दिले. बायका तिला धरून घरात घेऊन गेल्या.

गेदू बरा आहे, जब्बारही. गेदूने काल मला न विचारता आपाला होडीतून खाँच्या काठावर सोडलं. येऊन म्हणाला, सरदार, तुम्ही तिला उचलून आणलंत त्या दिवशी तिकडे चटईवरच्या तिघांतला एक गेला.

सगळे गेल्यावर शहरबानू जवळ बसली. "सोलेमानभाईंना ते पाणी दिलं होतं म्हणे तुम्ही. कसं केलं होतं?"

मी सांगितलं. चिमट्या, मुठी, सगळं.

"चाखलं होतं का?"

"चाखायचं कशाला?"

ती उठली. अर्धा शेर पाणी घेतलं, तिच्या तीन बोटांची चिमूट टाकली, तिच्या मुठीएवढा गूळ टाकला, ढवळलं. "प्या." प्यालो. गोडसर, पुळचट पाणी. मग तिने माझ्यापुढे दुसरं भांडं ठेवलं. "आता तुमच्या हाताने करा. त्या दिवशी केलंत तसंच." केलं. "प्या आता."

पहिला घोट कसाबसा गेला. दुसरा गेला नाही, नाकातून बाहेर आला.

"चाखून बघायचं," शहरबानू म्हणाली. "डोळ्यातल्या पाण्याहून खारट लागलं तर ओतून द्यायचं, ते पाजलं तर माणूस आतून आणखीनच सुकतो. तीच गोष्ट आपा सांगत होती, तुम्ही तिचा हात पिरगाळलात तेव्हा. मी दोन दिवसांनी जाऊन ऐकून आले. त्याबद्दल तुम्ही मला मारलंत."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

चार मडकी. नाक धरून, डोळे मिटून, मी केलं म्हणून. ज्यांनी माझं ऐकलं नाही ते सगळे जिवंत आहेत.

१३ अग्रहायण

सकाळी उलटी झाली. शहरबानूने पाणी आणलं, मी तिच्या हातून घेतलं नाही. मला कुणी पाणी द्यावं असं मी काय केलंय?

उद्या पोलीस ठाण्याचा दारोगा जबानीला येणार. मृधासाहेबांचा निरोप आलाय, आठ नावं पाठ करून ठेव. पहिलं दलिल खाँचं. लुंगी भिजवत पाण्यात धावत आला होता तो, आणि भात घे म्हणाला होता.

१४ अग्रहायण

हे ठाण्याच्या कोठडीत लिहितोय. मुन्शीने वही काढून घेतली नाही.

दारोगा आमच्या अंगणात खुर्ची टाकून बसला. मृधासाहेब शेजारी. आम्मा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. दारोगाने विचारलं, "सोलेमानला मारलं कुणी?"

मृधासाहेब माझ्याकडे बघून मान हलवत होते.

"मी," म्हणालो.

"काय?"

"मी मारलं. आणि मेल्यावर डोकंही मीच फोडलं. यांनी सांगितलं म्हणून." मी मृधासाहेबांकडे बोट केलं.

"दुःखाने डोकं फिरलंय याचं," मृधासाहेब म्हणाले. त्यांच्या माणसाने माझ्या पाठीत लाठी घातली. मी पडलो, उठलो, परत तेच सांगितलं. दुसरी मानेवर बसली. दारोगाने हात वर केला तेव्हा तो थांबला. "हत्यार काय?" त्याने विचारलं. "मीठ," म्हटलं, तर त्यानेच मला थोबाडीत दिली, त्याला वाटलं मी चेष्टा करतोय.

मग आम्मा अंगणात आली. हातात चुलीतलं लाकूड होतं, टोकाला अजून निखारा. तिने ते माझ्या खांद्यावर मारलं. पुन्हा मारलं, कातडी जळल्याचा वास आला, मी हात वर केला नाही. साठीची बाई, पाचव्या-सहाव्या फटक्याला लाकूड तिच्या हातून गळालं. "सगळाच्या सगळा म्हणाले होते," एवढंच ती म्हणत होती. दारोगा तिला आवरायला उठला. मी म्हटलं, राहू द्या, तिला दमू द्या.

दुपारी ठाण्यात मुन्शी जबानी लिहायला बसला. पिकल्या केसांचा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी एकेक सांगत गेलो आणि तो लिहीत गेला. पाणी किती, मीठ किती, गूळ किती, चुकलं कुठे. आठ नावांतलं एकही नाव मी घेतलं नाही. दलिल खाँच्या पुतण्याचा हात मोडला, बाईला पळवून आणली, तेही लिहा म्हटलं.

मध्येच तो थांबला. दारोगा बाहेर आहे ना ते बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "अर्धा शेर पाणी म्हणालास ना? घरी माझी नात आहे. कालपासून सारखं जातंय तिला. माझ्या बायकोने पाणी बंद केलंय."

"नात केवढी?"

"दोन वर्षांची."

मी गजांना धरून उभा राहिलो. "आत्ता घरी जा. पाणी चालू करा. तुम्ही करू नका, सुनेला करू द्या. तीन बोटांची एकच चिमूट, एक मूठ गूळ. आधी तिने स्वतः चाखायचं. खारट लागलं तर सगळं ओतून द्यायचं आणि पुन्हा करायचं. चमच्या-चमच्याने. पोरीने ओकलं तरी थांबायचं नाही. आणि फिरोजा आपाला बोलवा, खाँच्या काठावर असते."

त्याने ते जबानीच्याच कागदामागे लिहून घेतलं आणि उठला. बाहेरून दारोगा ओरडला, "ए मुन्शी, सही राहिली याची! कागद कुठे नेतोस?" तो चपलाही न घालता पळाला.

आता ऊन कलतंय. दारोगा दोनदा येऊन विचारून गेला, मुन्शी आला का. अजून आला नाही. नातीचं काय झालं ते कळल्याशिवाय मी सही करणार नाही, असं मी दारोगाला सांगितलंय.